केबलवाल्याचं कर्ज

मुलगा अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरात नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे होतो. बाहेर बर्फ, आत पुस्तकं आणि चहा, असे दोन महिने काढायचा बेत होता. पण एका सकाळी शेजारच्या आजोबांच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं. आतल्या जुन्या निळ्या पिकअप ट्रकच्या नाकावरचं नाव वाचून मी थबकलो. इंटरनॅशनल!

बँकेत ट्रॅक्टरची कर्जं मंजूर करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. महिंद्राने १९६३ साली ज्या अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि ज्यातून बी-२७५ ट्रॅक्टर आपल्या शिवारात आला, तीच ही कंपनी. ती ट्रकही बनवायची हे माझ्या गावीही नव्हतं. फोर्ट वेनमध्ये तिचा मोठा कारखाना होता; तो १९८३ साली बंद पडला. आजोबा तिथलेच कामगार. गाडी १९६९ची, आणि तिचा हीटर बंद.

हीटर म्हणजे चैन, असा माझा आपला मराठी समज. तिथे काच आतून धुक्याने आणि बाहेरून बर्फाने भरते. हीटरची गरम हवा काचेवर आली नाही, तर समोरचं दिसत नाही. रचना साधी. इंजिनाचं गरम पाणी केबिनमधल्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती हवा पायाशी सोडायची की काचेकडे, हे एक झडप ठरवते. डॅशबोर्डवरची दांडी सरकवली की झडप हलते. दांडी आणि झडप यांच्यामधली केबल गंजून जाम झाली होती. जोर लावला तर दांडीच वाकायची.

"नवी मिळत नाही?" मी विचारलं. खपाच्या गाड्यांच्या केबली तिथे अजून तयार मिळतात. पण इंटरनॅशनलने असले पिकअप बनवणं १९७५ सालीच थांबवलं. आजोबांनी शोधाशोध केली होती. शेवटी म्हणाले, "बनवू या."

सायकलच्या ब्रेकची केबल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात बारीक तारांचा पीळ असतो. ती फक्त ओढते; सोडल्यावर मागे आणायचं काम स्प्रिंगचं. हीटरच्या केबलीत मात्र एकच ताठ तार असते, कारण तिला ओढायचंही असतं आणि ढकलायचंही. ही पियानोची तार, पोलादी आणि हट्टी. तिच्यावर घट्ट गुंडाळलेल्या पोलादी तारेचं नळीसारखं आवरण.

आजोबांनी आधी जुनं आवरण मोजलं, मग दोन्ही टोकांना बाहेर आलेली तार वेगवेगळी मोजली, मग दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत किती सरकते तेही. सगळं वहीत. पियानोची तार पकडीने कापायला गेलं तर पकडीच्याच धारेला खाच पडते, म्हणून ती ग्राइंडरवर कापायची. टोकाचा फास खिळ्याभोवती वळवायचा. पण तार उलटी उसळते, म्हणून हव्या त्या मापाहून बारीक खिळा घ्यायचा. तापवून वळवली तर सोपी जाते, पण कडकपणाच निघून जातो.

मी दोन्ही टोकांचे फास सुरेख वळवले. आजोबांनी दादही दिली. मग त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. आवरण तिथेच पडलं होतं. दोन्हीकडे फास असलेल्या तारेवर ते चढणार कसं? तार फुकट गेली.

त्या क्षणी मला एक माणूस आठवला. १९८८ साल. तालुक्याच्या गावची आमची शाखा. एसटी स्टँडमागे एक मिस्त्री मोटारसायकल आणि ट्रॅक्टरच्या केबली बनवायचा. जुनी केबल समोर ठेवून मापं घ्यायचा, टोकाला शिशाची गुंडी ओतायचा. अवजारांसाठी त्याला बारा हजारांचं कर्ज हवं होतं. मी त्याला सांगितलं, कंपनीच्या तयार केबली आता सगळीकडे मिळतात. तो म्हणाला, "साहेब, मॉडेल बंद पडलं की कंपनी केबल देत न्हाई. तवा मानूस माज्याकडंच येतो." मी प्रस्तावावर शेरा मारला : व्यवसायास भवितव्य नाही.

सही ठळक होती. तेव्हा मला तिचा अभिमान वाटायचा.

आज वाटतं, मी भवितव्य मोजलं ते फक्त कारखान्याच्या बाजूने. कारखाना ज्या दिवशी हात वर करतो, त्या दिवशी मिस्त्रीचं काम सुरू होतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस संकेतस्थळही सुरू केलं. चांगलं झालं. कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, माहिती द्यावी. पण जिने ते मॉडेलच सोडून दिलं, तिच्याकडे हक्क काय मागणार? तिथे हक्कापेक्षा हात लागतो, आणि त्या हाताला अवजारासाठी कर्ज लागतं. बँकांनी नव्या वस्तू घ्यायला आनंदाने कर्जं दिली, मीही दिली. त्या वस्तू चालू ठेवणाऱ्याकडे मात्र आम्ही तारण मागत बसलो.

आणखी एक. असल्या कामाला आपण कौतुकाने 'जुगाड' म्हणतो. मला तो शब्द आता सहन होत नाही. जुगाड म्हणजे सुतळी बांधून गाडी घरापर्यंत आणणं. मिस्त्री आणि आजोबा दोघंही आधी मोजायचे, मग कापायचे. मोजणाऱ्या माणसाला जुगाडू म्हटलं की त्याची मजुरी कमी ठरवायला आपण मोकळे.

दुसरी तार मी कापली. या वेळी एक फास, मग आवरण, मग दुसरा फास. आवरणाची दोन्ही टोकं चिमट्यात घट्ट आवळली, कारण चिमटा सैल राहिला तर झडपेऐवजी आवरणच सरकतं. आजोबांनी इंजिन चालू केलं. पाणी तापायला वेळ लागला. मग त्यांनी दांडी सरकवली, आत कुठेतरी झडप खट् वाजली आणि काचेच्या तळाशी धुक्यात एक अर्धगोल मोकळा झाला. तो हळूहळू वर चढला. त्यातून मुलाचं घर दिसलं आणि दारात उभी राहून "जेवायला येताय का?" असं खुणावणारी आमची सौ.

बाहेरची ताजी हवा आत घेणाऱ्या झडपेची केबल अजून बाकी होती. आजोबांनी तिची मापं वहीत लिहून ठेवली आणि रविवारी या म्हणाले. आमचं परतीचं विमान शुक्रवारचं होतं.