रडणे थांबले, म्हणजे मूल रुळले?

जूनच्या मध्याला शाळा उघडल्या, की शिशुवर्गांतून रडण्याचे सूर ऐकू येतात. ‘दोन दिवस रडेल, मग रुळेल’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात दिवसभर रेल्वे रोखून धरली. त्यानंतर हे उत्तर पुरेसे राहिलेले नाही.

शाळेत जाण्यास नकार आईच्या ओढीमुळे असू शकतो, तसा भीतीमुळेही. चार वर्षांच्या मुलापाशी दोन्हींसाठी शब्द एकच : ‘नाही जायचं’. ओढीचे रडे वर्गात रमल्यावर ओसरते, दिवसागणिक कमी होते. रुळलेले मूल एकाएकी बिथरले, एखाद्या व्यक्तीला वा स्वच्छतागृहाला टाळू लागले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर कारण शोधलेच पाहिजे. मात्र हा फरक मुलाला रोज पाहणाऱ्यालाच कळतो आणि अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात नेमकी तिथेच अडचण आहे. बदलापूरपासून मुंबईचे सीएसएमटी ६८ किलोमीटर. मूल शाळेत निघण्यापूर्वीच अनेक घरांतील आई-वडील लोकलमध्ये असतात. सोडायला आजी, शेजारीण किंवा व्हॅनवाले काका. चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरविण्याच्या २०२४ च्या निर्णयाने मुलांची झोप वाचते, पण लोकल काही थांबत नाही! उल्हासनगरात भाषेची भर पडते. घरी सिंधी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी, अशा मुलाने तक्रार करायची ती कोणत्या भाषेत?

घटनेनंतर राज्य शासनाने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसविण्यास सांगितले. ते आवश्यकच, पण मूल गप्प का झाले, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा मानते, तर शिक्षण हक्क कायद्याची हमी सहाव्या वर्षी सुरू होते. परिणामी पहिलीत शाळा, बाई, बाक सारेच पुन्हा बदलते आणि मागच्या बाईंना ठाऊक असलेले मूल नव्या बाईंना अनोळखी असते.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली. वस्तीतील मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शाळेने मुलाकडे जायचे, हा त्यामागचा विचार. आज अंगणात जाणे दूरच, पालकाला फाटकातच थांबविले जाते. पहिला आठवडा आई वा आजीला वर्गात बसू देण्यास अनुदान लागत नाही, शासन निर्णयही नाही.