श्रेष्ठ कोण? एका बालरोगतज्ज्ञाचा क्रम

डॉक्टरांच्या बैठकीत शास्त्रीय चर्चा आटोपली, की भोजनोत्तर गप्पा हटकून क्रिकेटकडे वळतात. आम्हा आदिलाबादकरांना हैदराबादपेक्षा नागपूर जवळचे. त्यामुळे १९८७ च्या विश्वचषकात सुनील गावसकर यांनी नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध झळकावलेले, त्यांचे एकमेव एकदिवसीय शतक येथील मराठी मंडळी आजही घरच्या मंगलकार्यासारखे आठवतात. मग ओघानेच वाद रंगतो : आजवरच्या मराठी क्रिकेटपटूंत सर्वश्रेष्ठ कोण? आणि धावांच्या राशी मोजल्या जातात. ही मोजणी मला पटत नाही.

आम्ही बालरोगतज्ज्ञ वजनाचा आकडा सुटा कधीच वाचत नाही. नऊ किलो वजन एक वर्षाच्या बाळाला शोभते. तीन वर्षांच्या मुलाचे तेवढेच भरले तर चिंता वाटते. वाढीच्या आलेखावर मूल समवयस्कांत कोठे उभे आहे, हे पाहावे लागते. खेळाडूलाही हाच न्याय हवा. डॉन ब्रॅडमन यांची ९९.९४ ही सरासरी थोर ठरते, ती बाकीचे दिग्गज साठीच्या आसपास थबकतात म्हणून.

या कसोटीवर विजय हजारे यांना आपण फार लवकर विसरलो. सांगलीच्या या फलंदाजाने १९४८ साली ॲडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. तरीही भारत डावाने हरला. यावरून त्यांच्या भोवतीचा संघ कसा होता ते कळावे. गावसकरांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या, त्याही हेल्मेटविना. सचिन तेंडुलकर यांची शंभर आंतरराष्ट्रीय शतके सर्वांना मुखोद्गत आहेत. त्यांवर मी शाई खर्च करीत नाही.

तथापि आलेखाची एक मर्यादा आहे. ज्या बाळाचे वजन कोणी नोंदलेच नाही, ते त्यावर दिसत नाही. उटनूर-इंद्रवेल्लीकडील गोंड गुड्यांतून येणाऱ्या मातांना पूर्वी अनेकदा मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे. केसलापूरच्या नागोबा जत्रेच्या आधी जन्मले की नंतर, असे विचारून वय ठरवावे लागे. नोंद नाही म्हणून मूल तपासायचेच नाही, असे कोणता डॉक्टर म्हणेल?

बाळू पालवणकर यांच्या बाबतीत क्रिकेटने नेमके तेच केले. चर्मकार समाजातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांपासून दूर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. तो मान १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये. तोवर बाळूंची पन्नाशी उलटली होती. कसोटीच्या तक्त्यात म्हणूनच त्यांचे नाव नाही.

तेव्हा माझा क्रम असा : बाळू पालवणकर, गावसकर, तेंडुलकर, हजारे. १९११ चे इंग्लिश कौंटी संघ म्हणजे कसोटी नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याच खेळपट्ट्यांवर, त्याच पराभूत संघात इतरांनी काय केले, ते शेजारी मांडून पाहावे. तेंडुलकरांना तिसरे स्थान दिल्याबद्दल तरुण वैद्यकबंधू माझ्यावर रुष्ट होतील. त्यांनी पुढील बैठकीस आपापली यादी जरूर आणावी. मात्र प्रत्येक नावापुढे त्याच्या समकालीनांचे आकडेही लिहून आणावेत.