प्रयोगशाळेतले ज्ञान पारावर यावे

जनुकांची फेरजुळणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी पारावर, आठवडी बाजारात, गावच्या ग्रंथालयात उभे राहून ती मराठीत समजावून सांगितलीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. जनुकसंपादित भाताची दोन वाणे मे २०२५ मध्ये जाहीर झाल्यापासून हा विषय केवळ दिल्लीचा राहिलेला नाही.

न सांगण्याची किंमत मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनी मोजली आहे. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगरबीटी पुडी मिळे. ती शेताच्या कडेने पेरली, तर बीटीला न सरावलेल्या अळ्या टिकून राहतात आणि प्रतिकारक्षम अळ्यांची पैदास लांबते. हे कारण अनेकांपर्यंत पोहोचलेच नाही. पुड्या बांधावर पडून राहिल्या. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली.

विद्यार्थ्यांनी विक्रेत्याची भाषा मात्र बोलू नये. बियाण्याची मालकी कोणाची, नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, हे शेतकरी विचारणारच.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने नांदेड आणि लातूरच्या विद्यार्थ्यांना अशा व्याख्यानांसाठी येत्या सत्रापासून श्रेयांक द्यावेत आणि बियाणे कंपन्यांचा पैसा या उपक्रमापासून कटाक्षाने दूर ठेवावा.