हॅटरसचे भिंग

अमेरिकेत हौशी मंडळी दीपगृहांच्या वीतभर प्रतिकृती जमवतात. त्यांत केप हॅटरसचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा ठरलेलाच. आम्हांला मात्र मोल वाटते ते त्याच्या भिंगाचे.

फ्रान्सच्या फ्रेनेल या इंजिनिअरने अवजड भिंगाऐवजी काचेच्या लोलकांची कडी रचली. वाया जाणारा उजेड थेट समुद्रावर पडू लागला. हे १८२३ साली. बिचारा एकोणचाळिसाव्या वर्षीच क्षयाने गेला.

असे भिंग हॅटरसच्या जुन्या मनोऱ्यावर होते. गुलामगिरी टिकावी म्हणून बंड केलेल्या दक्षिणेकडच्यांनी १८६१ मध्ये ते उतरवून आतल्या मुलखात दडवले. उत्तरेच्या जहाजांना उजेड मिळू नये म्हणे! खडक काय, जात विचारून जहाज फोडतो? युद्धानंतर ते हाती लागले. १९३६ मध्ये नवा मनोराही ओस पडला, तेव्हा लोकांनी आठवण म्हणून लोलक पळवले. उरलेले हॅटरसच्या संग्रहालयात आहेत.