भामरागडच्या घराचा हिशेब

गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यासाठी पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे अनुदान २०१६ साली १ लाख ३० हजार रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे. भागाकार केला तर फुटामागे ४८३ रुपये!

राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली, पाच ब्रासपर्यंत वाळूही मोफत देऊ केली. पण वाळू चालत येत नाही, ट्रॅक्टर लागतो. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणून सिमेंट, सळई आधीच आणून ठेवावी लागते. अनुदान मात्र बांधकामाच्या टप्प्यांनी मिळते. मधल्या काळात उसनवारी.

चंद्रपूर शहरातली कोंडी वेगळी. दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता नऊ हजारांच्या घरात जातो. महिना पंधरा हजार कमावणाऱ्या कंत्राटी कामगाराने किराणा, शाळा, दवाखाना उरलेल्या सहा हजारांत कसा बसवायचा?

दुर्गम गावांना अंतरानुसार वाहतूक खर्च वेगळा द्यावा आणि पहिला हप्ता पावसाळ्याआधी, पुरेसा मोठा द्यावा. शहरात परवडणारी भाड्याची घरेही सरकारनेच बांधायला हवीत.