नोबेल आणि वेगळे ताट

दरवर्षी ऑक्टोबर महिना आला की स्टॉकहोममध्ये पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा होते आणि आपल्याकडे तोच प्रश्न विचारला जातो : भारताला नोबेल का मिळत नाही? भारतात केलेल्या संशोधनासाठी पदार्थविज्ञानाचे हे पारितोषिक आजवर एकदाच, १९३० साली सी. व्ही. रामन यांना मिळाले. त्याच वर्षी नोबेल समितीपुढे आणखी एका भारतीयाचे नाव होते. ते नाव म्हणजे डॉ. मेघनाद साहा! या चर्चेत त्यांची आठवण क्वचितच कुणाला होते.

साहा १८९३ साली ढाक्याजवळच्या एका खेड्यात, खालच्या मानलेल्या जातीत जन्मले. वडिलांचे किराणा दुकान. पोराने शिकण्यापेक्षा दुकानात बसावे, हीच घरची अपेक्षा. एका डॉक्टरने आसरा दिला म्हणून शाळा सुटली नाही; पण त्या घरात स्वतःचे ताट स्वतःच धुवावे लागे. १९०५ साली गव्हर्नरविरुद्धच्या निदर्शनात भाग घेतला म्हणून शाळेतून काढले, शिष्यवृत्तीही गेली. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले, तर वसतिगृहातल्या सवर्ण मुलांनी त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला. विद्येच्या देवतेच्या, सरस्वतीच्या पूजेतही त्यांना मज्जाव झाला!

वेगळ्या ताटात जेवलेल्या याच तरुणाने १९२० साली ताऱ्यांचे गुपित उलगडणारे समीकरण मांडले. ताऱ्याच्या तप्त वातावरणातील अणू किती प्रमाणात इलेक्ट्रॉन गमावतात, हे तापमान आणि दाब यांवरून त्याने सांगता येऊ लागले. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान कळू लागले. या समीकरणाच्या आधारेच सेसिलिया पेन यांनी १९२५ साली दाखवून दिले की, तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. १९३० नंतरही साहांचे नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवले गेले. १९३७ आणि १९४० साली तर स्वतः नोबेलविजेते असलेल्या आर्थर कॉम्प्टन यांनी. पण काम मोलाचे असले तरी तो 'शोध' नव्हे, असे समितीचे मत पडले. स्टॉकहोमला जात आडवी आली, असे आम्ही म्हणणार नाही. पुराव्याशिवाय बोलणे आम्हाला मान्य नाही. जात आडवी आली ती इथे, कलकत्त्याच्या वसतिगृहात!

'सारे काही वेदांत आहे' या भ्रमाची साहांनी जाहीर खिल्ली उडवली. एका वकिलाला ते आपले संशोधन समजावून सांगत होते, तेव्हा तो प्रत्येक वाक्याला म्हणाला, हे तर वेदांत आहेच. कुठल्या भागात, असे विचारल्यावर कळले की त्याने वेद वाचलेलेच नाहीत! दामोदर नदीच्या पुराच्या चौकशी समितीत साहा होते आणि व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी त्याच दामोदर खोरे योजनेचा पाया घातला. विज्ञान माणसाच्या उपयोगी पडले पाहिजे, ही दोघांचीही दृष्टी होती.

आता आजचे पाहा. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात जीवन संपवले. त्याआधी त्याला वसतिगृहातून बाहेर काढले गेले होते. सात महिन्यांची शिष्यवृत्ती मिळायची आहे, असे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले. १९०५ साली साहांची शिष्यवृत्ती गेली ती इंग्रजांच्या राज्यात. रोहितच्या वेळी राज्य कुणाचे होते?

नोबेल का मिळत नाही, असे विचारणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे : असे किती मेघनाद प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच तुम्ही परत पाठवलेत? शिष्यवृत्ती वेळेवर द्या, वसतिगृहातील अपमान थांबवा, संशोधनाच्या जागा नियमाप्रमाणे भरा. आणि समाजबांधवांनो, आपल्या मुलामुलींना डॉक्टर-इंजिनिअरच्या पुढे मूलभूत विज्ञानाकडेही वळवा. मेघनाद साहांची गोष्ट आज रात्री त्यांना घरी सांगा.