अमेरिकेंत आलेला युरोपीय पाहुणा

आमच्या विद्यालयांतून बाहेर पडलेले कांहीं विद्यार्थी आतां उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस जाऊं लागले आहेत, व ज्यांचीं मुलें अद्यापि खालच्या इयत्तांत आहेत असे पालकहि त्या देशाविषयीं आम्हांपाशीं कुतूहलानें विचारपूस करीत असतात. आपल्याकडील मनुष्य तिकडे गेला म्हणजे त्याला सर्वच निराळें दिसणार, हें तो घरून निघतांनाच धरून चालतो. परंतु जो मनुष्य लंडन, पॅरिस अथवा बर्लिन येथून न्यूयॉर्कास उतरतो त्याची गोष्ट वेगळी. तेथील लोकांचा पोशाख त्याच्यासारखाच, पुष्कळांचे पूर्वज त्याच्याच खंडांतून गेलेले, आणि तो इंग्रज असल्यास भाषाहि त्याचीच. अशा घरच्यासारख्या ठिकाणीं पदोपदीं ठेंच लागली म्हणजे तो गोंधळतो. आणि गोंधळलेला मनुष्य बहुधा रागावतो किंवा हंसतो. परक्यांच्या चालीविषयीं मत बनविण्यापूर्वी त्या चालीचें कारण शोधावें, आणि कारण सांपडलें म्हणून चाल चांगलीच ठरली असेंहि मानूं नये, असें आम्हांस वाटतें. व त्यासाठीं या पाहुण्याच्या कांहीं ठेंचा वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेस जाऊन तेथील लोकांस नांवें ठेवणें हा युरोपीय लेखकांचा जुना उद्योग आहे. फ्रान्सिस ट्रॉलप या इंग्रज बाईंनीं सिनसिनाटी शहरीं कांहीं काळ राहून १८३२ सालीं तेथील घरगुती रीतिरिवाजांवर पुस्तक लिहिलें. त्यानें इंग्लंड हंसलें व अमेरिका चिडली. चार्ल्स डिकन्स हे १८४२ सालीं तेथें गेले, तेव्हां तंबाखू चघळून जिकडे तिकडे थुंकण्याची चाल पाहून त्यांस शिसारी आली. ती चाल आज तेथून बव्हंशीं नाहींशी झाली आहे. (आपल्या गांवच्या बसस्थानकाच्या भिंती पाहिल्या म्हणजे, या बाबतींत दुसऱ्यास हंसण्याचा अधिकार आपणांस अद्यापि मिळालेला नाहीं, हें दिसून येईल.) परंतु याच डिकन्सनीं त्याच पुस्तकांत गुलामगिरीवर जो कोरडा ओढला आहे, तो मात्र अगदीं यथायोग्य होता, कारण तेथें प्रश्न शिष्टाचाराचा नसून माणसाच्या पाठीवरील वळांचा होता.

डिकन्सच्या अकरा वर्षें आधीं, १८३१ सालीं, अलेक्सी द तोकव्हील हा पंचवीस वर्षांचा फ्रेंच तरुण तुरुंगांची पाहणी करण्याच्या निमित्तानें सुमारें नऊ महिने त्या देशांत हिंडला. त्यालाहि पुष्कळ गोष्टी चमत्कारिक वाटल्या. पण हे लोक असें कां करतात, हा प्रश्न त्यानें सोडला नाहीं, आणि म्हणूनच त्याचा ग्रंथ अमेरिकेंतच आजहि आदरानें अभ्यासिला जातो. आमच्या मराठी वाचकांस तर याहून जवळचें उदाहरण आहे. पंडिता रमाबाई १८८६ सालीं इंग्लंडांतून फिलाडेल्फियास गेल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं, आणि पुढें दोन वर्षांहून अधिक काळ तेथें राहून त्यांनीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक १८८९ सालीं मराठींत प्रसिद्ध केलें. त्यांत त्या देशाची स्तुति भरपूर आहे. पण कृष्णवर्णीयांस तेथें मिळणाऱ्या वागणुकीविषयीं बाईंनीं मौन धरलेलें नाहीं.

आतां पाहुण्याकडे वळूं. त्याची पहिली ठेंच पाण्याच्या पेल्याची. भोजनगृहांत बसतांच न मागतां पेला पुढें येतो, आणि त्यांत पाण्यापेक्षां बर्फच अधिक; मग बाहेर हिंव पडलेलें असो वा नसो. हा वेडेपणा कोठून आला? एकोणिसाव्या शतकांत न्यू इंग्लंडांतील गोठलेल्या तळ्यांतून बर्फ कापून विकण्याचा मोठाच धंदा होता. बोस्टनचे फ्रेडरिक ट्यूडर यांनीं १८०६ सालीं मार्टिनिक बेटाकडे बर्फाचें पहिलें जहाज धाडलें, आणि १८३३ सालीं तर थेट कलकत्त्यास! निघतांना भरलेल्या सुमारें १८० टनांपैकीं सुमारें १०० टन बर्फ चार महिन्यांच्या प्रवासानंतर शाबूत उतरला. मुंबईस व मद्रासेसहि पुढें त्याचीं कोठारें झालीं. मद्रासची इमारत अद्यापि उभी असून १८९७ सालीं स्वामी विवेकानंद तींत राहिले होते. जो पदार्थ इतरत्र श्रीमंतांची चैन होता, तो अमेरिकेंत साध्या गृहस्थाच्या घरीं लवकर पोहोंचला, आणि एकदां लागलेली संवय राहिली. यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

हवा ९० अंश आहे असें ऐकून जर्मन पाहुणा दचकतो, कारण त्याच्या मोजणीनें तितक्या उष्णतेंत अन्न शिजावयास लागेल. रस्त्यावर मैल, दुकानांत पौंड व औंस, आणि तारीख लिहितांना आधीं महिना व मग दिवस! या गोष्टींची थट्टा करण्यास तो चुकत नाहीं. परंतु फॅरनहाइट हा गृहस्थ डान्झिग शहरीं जन्मलेला, आणि मैल व पौंड तर इंग्लंडांतून गेलेले. पाहुणा ज्यास हंसतो तो त्याच्याच आजोबांनीं टाकलेला अंगरखा आहे. तथापि त्या अंगरख्याची किंमत अमेरिकेनेंहि मोजली आहे: १९९९ सालीं मंगळाकडे धाडलेलें एक यान, एका पक्षाचें गणित पौंडांत व दुसऱ्याचें मेट्रिक मापांत झाल्यामुळें, नष्ट झालें. आमच्या गणिताच्या तासास ‘परिमाण लिहावयाचें राहिलें तर काय झालें?’ असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें.

दुकानदार, शिपाई, उद्वाहनांत भेटलेला अनोळखी मनुष्य, सर्वच हंसून ‘कसें काय आहे?’ म्हणून विचारतात आणि उत्तर ऐकण्यास थांबत नाहींत. हें ढोंग आहे, असा निकाल युरोपीय पाहुणा त्वरित देतो. आमच्या मतें हा निकाल अन्यायाचा आहे. आपल्याकडे ‘काय, जेवण झालें का?’ असें विचारणारा शेजारी कांहीं ताटांतील भाज्यांची मोजदाद करीत नसतो. मी तुला पाहिलें, एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, ज्या देशांत अनेक देशांतून लोक येऊन वसले तेथें चेहऱ्यावर भावना उघडपणें दाखविण्याची रीति अधिक आढळते. जेथें शेजाऱ्याची भाषा येत नाहीं तेथें हास्य हीच पहिली भाषा, हें पटण्यासारखें आहे. वॉलमार्ट ही अमेरिकन कंपनी १९९७ सालीं जर्मनींत गेली व २००६ सालीं परत फिरली; अपयशाचीं कारणें अनेक होतीं, पण दारांत उभें राहून हंसणारे नोकर पाहून तेथील गिऱ्हाइकें बुजलीं, असेंहि सांगतात.

शाळेसंबंधीं दोन गोष्टी सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. शाळेच्या गाड्यांचा पिवळा रंग १९३९ सालीं कोलंबिया विद्यापीठांत भरलेल्या परिषदेंत ठरला. गाडी थांबून तिचे तांबडे दिवे लुकलुकूं लागले म्हणजे, मध्यें दुभाजक नसलेल्या रस्त्यावर, मागच्याच नव्हे तर समोरच्या गाड्यांसहि थांबावें लागतें. सायकलीवरून शाळेस जाणाऱ्या हॉलंडमधील मुलांस या गाडीचें नवल वाटतें. पण अमेरिकेंत अंतरें फार आणि शहराबाहेरील वस्त्यांत पादचाऱ्यास पुष्कळदां पायवाटच नसते. नियम उत्तम, मात्र मुलाला चालण्याजोगा रस्ता ठेवला नाहीं, ही त्याची दुसरी बाजू.

दुसरी गोष्ट वर्गांतील ध्वजाची. सकाळीं मुलें उभीं राहून, छातीवर हात ठेवून, ध्वजापुढें निष्ठेची शपथ म्हणतात. रोज ‘भारत माझा देश आहे’ म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस यांत नवें कांहींच दिसणार नाहीं. परंतु युरोपीय पाहुण्यास, विशेषतः जर्मनास, त्याच्या देशाच्या इतिहासामुळें अंगावर कांटा येतो. ती शपथ १८९२ सालीं फ्रान्सिस बेलामी या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकानें लिहिली; तेव्हां जहाजामागून जहाजें भरून परदेशीं कुटुंबें येत होतीं, आणि त्यांचीं मुलें एका राष्ट्राचीं व्हावीं हा हेतु होता. पूर्वी ती म्हणतांना उजवा हात ध्वजाकडे लांब करीत. पुढें नाझींची सलामी तशीच दिसूं लागली, तेव्हां १९४२ सालीं हात छातीवर आला.

त्याच सुमारास, यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथांतील मुलांनीं, आम्ही देवावांचून कोणास वंदन करणार नाहीं, म्हणून सलामी नाकारली व त्यांस शाळेंतून काढण्यांत आलें. १९४० सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळेचा पक्ष घेतला. परंतु १९४३ सालीं, ऐन महायुद्धांत, त्याच न्यायालयानें आपला निर्णय फिरविला आणि कोणत्याहि मुलास ही शपथ म्हणावयास भाग पाडतां येणार नाहीं असें ठरविलें. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ति रॉबर्ट जॅक्सन हेच पुढें न्यूरेंबर्ग येथें नाझी पुढाऱ्यांवरील खटल्यांत अमेरिकेचे मुख्य अभियोक्ते झाले. आपल्या देशांतहि १९८६ सालीं केरळांतील तीन मुलांच्या बाबतींत, राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभें राहून मौन पाळणाऱ्या मुलास शाळेनें काढूं नये, असाच न्याय सर्वोच्च न्यायालयानें दिला. वर्गांतील ध्वज पाहून जो पाहुणा भिऊन परततो, त्यानें त्या चालीचा अर्धाच भाग पाहिला. ज्या वर्गांत एकट्या मुलास गप्प राहण्याचा हक्क आहे, तेथील शपथ व नाझींची सलामी एका तागडींत तोलतां येणार नाहीं. शिक्षकाच्या नात्यानें आम्हांस तो हक्क शपथेहूनहि मोलाचा वाटतो.

आतां पैशाची बाब. दुकानांतील वस्तूवर दहा डॉलर लिहिलें असलें तरी दहा डॉलरांत ती मिळत नाहीं. विक्रीकर मागून जोडला जातो. युरोपांत तो किंमतींतच धरलेला असतो. अमेरिकेंत हा कर राज्यागणिक, कित्येक ठिकाणीं शहरागणिकहि बदलतो. येथपर्यंत केवळ गैरसोय. परंतु भोजनगृहांत करावर आणखी बक्षिसी, ज्यास तिकडे टिप म्हणतात, ती साधारणतः शेंकडा पंधरा ते वीस द्यावी लागते. आणि फ्रेंच मनुष्य, ज्याच्या देशांत सेवेचा आकार पदार्थाच्या दरांतच असतो, चार नाणीं ठेवून उठला म्हणजे वाढणाऱ्या बाईचा चेहरा उतरतो. हे लोक हांवरे आहेत, असें तो घरीं लिहितो.

कारण शोधूं गेल्यास निराळेंच दिसतें. बक्षिसीची चाल युरोपांतूनच, अमेरिकन श्रीमंत प्रवाशांच्या मार्फत, तिकडे गेली, आणि प्रथम ती लोकशाहीस लाजिरवाणी मानली जाई. वॉशिंग्टन राज्यानें तर १९०९ सालीं ती कायद्यानें बंद केली होती. मग ती टिकली कशी? यादवी युद्धानंतर गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांस पुलमन कंपनीनें आगगाडीच्या शयनडब्यांत सेवक म्हणून ठेविलें, पगार अल्प दिला, आणि उरलेलें पोट उतारूंच्या बक्षिसीवर सोडलें. अनेक उतारू त्या प्रत्येकास मालकाच्या नांवावरून ‘जॉर्ज’ म्हणत. स्वतःच्या नांवाचीहि त्यास मिळकत नव्हती. १९२५ सालीं त्यांनीं आपला संघ काढला व १९३७ सालीं कंपनीस करार करावयास लाविलें. परंतु १९३८ सालीं किमान वेतनाचा कायदा झाला त्यांत भोजनगृहांतील नोकर आलेच नाहींत. १९६६ सालीं आले ते बक्षिसी पगारांत धरण्याची मुभा मालकास देऊन. आज मध्यवर्ती कायद्यानें सामान्य किमान वेतन तासास ७.२५ डॉलर आहे, व बक्षिसी मिळविणाऱ्यास मालकानें द्यावयाचें वेतन २.१३ डॉलर, हा दुसरा आंकडा १९९१ सालापासून हाललेला नाहीं. बक्षिसी कमी पडल्यास मालकानें भर घालावी असें कायदा सांगतो. पण मालकापाशीं ती भर मागावयाची कोणी? त्याच्याच नोकरानें.

म्हणजे वाढणारी बाई हांवरी नाहीं, आणि ही चालहि बर्फाच्या पेल्यासारखी निरुपद्रवी नाहीं. गिऱ्हाइकाच्या लहरीवर, पावसानें रिकाम्या राहिलेल्या टेबलांवर, तिच्या मुलांची फी अवलंबून असते. काम करणाऱ्याची मजुरी काम करवून घेणाऱ्यानें द्यावी, हें आम्हांस सरळ दिसतें, आणि म्हणून ही चाल आम्ही वाईट म्हणतों. तथापि ती वाईट आहे म्हणून आपण बक्षिसी न देतां उठणें हा न्याय नव्हे. त्यानें मालकाचें कांहींच जात नाहीं. आमचे जे विद्यार्थी तिकडे जातील त्यांनीं भोजनपत्रिकेवरील आंकड्यांत कर व बक्षिसी आधींच मिळवून पाहावी, आणि बेरीज जड वाटली तर त्या दिवशीं घरींच पिठलें-भात करावा.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, नेव्हाडा, मोंटाना, मिनेसोटा व अलास्का या सात राज्यांत बक्षिसी पगारांत धरण्यास बंदी असून वाढणाऱ्यांस पुरें किमान वेतन द्यावें लागतें. तेथील भोजनगृहें बंद पडलेलीं नाहींत. गिऱ्हाइकाच्या पुढें येणाऱ्या बिलावर बक्षिसीची ओळ मात्र तेथेंहि कोरी ठेवलेली असतेच.